सहा कॅसेटी आणि एक रिसिव्हर

स्टेशन रोडवरच्या त्या दुकानदारानं मला तिसऱ्यांदा ‘मावशी’ म्हटलं, तेव्हा मी पर्स काउंटरवर आपटली. प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं तो माझ्या मुलाला देत होता. याला जुना टेप-डेक जोडता येतो का, एवढंच मी विचारलं, तर हा मुलाकडं बघून हसला.

“मावशीला सांगा, टेपचा जमाना गेला. यात ब्लूटूथ आहे ना.”

“मावशी इथंच उभी आहे. मावशीच्या तोंडावर सांग की,” मी म्हणाले. “मुंडकं तिकडं कशाला फिरवायलास?”

मग त्यानं एक कमरेएवढा स्पीकर पुढं ढकलला. त्याच्या पोटात निळे-जांभळे दिवे पळत होते. “हे घ्या, लाइट पण लागते,” म्हणाला. मला काय घरात वरात काढायची होती? मी मुलाचा दंड धरला आणि बाहेर पडले. मुलगा रस्ताभर म्हणत होता, “मम्मी, तू दर वेळी भांडलंच पाहिजे का?” त्या दुकानात कुणीही भांडलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

आम्हाला पाहिजे होता रिसिव्हर. टीव्ही, गेम, टेप, सगळ्यांच्या वायरी ज्याच्या पाठीत खुपसायच्या आणि तिथून जो खोलीभरच्या स्पीकरांना आवाज वाटून देतो, तो डबा. घरात माणसं तीन आणि प्रत्येकाला तो वेगळ्याच कामासाठी पाहिजे होता. मुलगा पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत, पंधरा दिवसाला घरी येतो आणि आला की टीव्हीपुढं गेम खेळत बसतो. एवढा मोठा घोडा, पण गेममध्ये चित्र केसभर अडखळलं तर याचं तोंड उतरतं. त्याला अमक्याच जातीची एचडीएमआयची भोकं पाहिजे होती, जुनी चालत नाहीत म्हणे. नवऱ्याला सिनेमे. सिनेमात गोळी सुटली तर ती आपल्या कानामागून गेली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात फायलीत डोकं घालून बसलेला माणूस, निवृत्त झाल्यावर त्याला कानामागून गोळ्या पाहिजेत!

आणि मला पाहिजे होती लाल-पांढरी भोकं. जुन्या टेप-डेकच्या दोन वायरी असतात ना, एक लाल, एक पांढरी, त्यांच्यासाठी. कारण मला माझ्या वडलांचा आवाज ऐकायचा होता.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दिवसा गवंडीकाम आणि जयंतीचा महिना आला की गायन पार्टी. पाथरीपासून चारठाण्यापर्यंत असं गाव नव्हतं जिथं दादांची पार्टी बसली नव्हती. स्टेजवर दादा मधोमध बसायचे. त्यांच्या डाव्या हाताला ढोलकी, उजव्या हाताला पेटी, मागं चार कोरसवाले. ढोलकीवर माझा धाकटा भाऊ, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं. एकदा कुणीतरी हौसेनं त्यांना नांदेडला स्टुडिओत नेलं आणि सहा कॅसेटी भरून घेतल्या. त्यांच्या प्रती निघाल्या, वाटल्या गेल्या, लोकांनी त्यांच्यावर सिनेमाची गाणी भरली. शेवटी मूळच्या सहा राहिल्या, घरच्या.

दादा गेले. टेप बिघडला. कॅसेटी पाथरीला भावाकडं राहिल्या. मी नोकरीत, पिंगळीच्या शाळेत, रोजची धावपळ. आज ऐकू उद्या ऐकू करत वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर एक दिवस दुपारी भाकरी थापताना माझ्या ध्यानात आलं की मला दादांचा चेहरा आठवतो, हात आठवतात, आवाज आठवत नाही. गाण्याचे शब्द येतात, चालही येते, पण ती माझ्याच आवाजात येते. मी तव्यावरची भाकरी जाळली आणि रडले. नवरा पळत आले, त्यांना वाटलं हात भाजला.

घरात रिसिव्हरची बोलणी आधीपासून चालली होतीच, त्यात मी माझी लाल-पांढरी भोकं घातली आणि दुसऱ्या दिवशी पाथरीची एसटी पकडली.

भावाचं आणि माझं कधी धड जमलं नाही. दादांच्या नंतर त्यानं पार्टी मोडली आणि डीजे काढला. बाकी कुणाही भावानं काढला असता तर मी काही बोलले नसते. पण ज्याच्या बापाची ढोलकी-पेटी पाचशे माणसं मांडी घालून ऐकायची, त्यानं ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर चढवून खिडक्यांच्या काचा हलवायच्या? गावोगावच्या पार्ट्या याच डीजेनं खाल्ल्या. मी हे त्याला लग्नात सांगितलं, बारशात सांगितलं, कुणाच्या मातीला गेलो तर तिथंसुद्धा सांगितलं. तो ऐकून घेतो, खाली मान घालून गुटखा चघळतो आणि मग असं काही बोलतो की माझं टाळकं सरकतं.

त्या दिवशीही तेच. त्याच्या गोदामात बसलो होतो. चहूबाजूंनी ते काळे राक्षस स्पीकर आणि त्यांच्या मधोमध, एका उघड्या पडलेल्या स्पीकरला चिकटून, दादांची पत्र्याची ट्रंक.

“रिसिव्हर घ्यायलाव म्हणं,” तो म्हणाला. “वॉट किती?”

“मला वॉटाशी काय करायचंय?”

“आगं अक्का, वॉट बिगर काय ऐकू येनार तुला? तसले डबे खेळण्यातले असत्यात. मी एक जुना ॲम्प देतो, दोन टॉपचे स्पीकर देतो. लय दनकन वाजतंय.”

“मला दणकन नको. मला दादा ऐकायचेत.”

तो उठला, ट्रंक उघडली, वरच्या फडक्यानं एक कॅसेट पुसली आणि माझ्या हातात दिली. “ही न्हे. टेप नीट हाय का बघ आधी. जुनं हेड असलं तर फीत खातंय. ही वाजली की बाकीच्या पाची मी सोता घिऊन येतो.” हे मात्र तो शहाण्यासारखं बोलला होता. मी तसं त्याला म्हटलं नाही.

रिसिव्हर शेवटी नांदेडला मिळाला. तिथल्या दुकानातला माणूस निदान माझ्याकडं बघून बोलत होता. पण त्याआधी घरात जी काय हातघाई झाली ती विचारू नका. मुलानं मोबाइलवर काढलेल्या पहिल्या यंत्राला गेमची भोकं चार आणि लाल-पांढरं एकही नाही. मी म्हटलं, नको. दुसऱ्याला लाल-पांढरी चार, गेमचं भोक जुनं. तो म्हणाला, मग मी पुण्यालाच राहतो. नवरा म्हणाले, माझं कुणी ऐकणार आहे का. मी म्हणाले, नाही. तीन दिवस घरात ताटं आपटली. तिसऱ्या मॉडेलात सगळं थोडं थोडं होतं आणि कुणीच खूश नव्हतं, म्हणून तेच घेतलं.

सोबत पाच स्पीकर. दोन पुढं, दोन मागं आणि एक आडवा, बुटका, मधला. शनिवारी दिवसभर मुलानं वायरी ओढल्या, एक छोटा माइक सोफ्यावर ठेवला आणि यंत्रानं स्वतःच टूक टूक आवाज काढत खोली मोजली. नवऱ्याच्या कानामागून एकदाची गोळी गेली. ते लहान मुलासारखे हसले. मला उगीच बरं वाटलं.

रविवारी सकाळी मी विहारातून आले आणि दारातच थबकले. आमच्या टीव्हीखाली लांब फळी आहे. त्या फळीच्या मधोमध बुद्धमूर्ती असते, घर बांधलं त्या दिवसापासून. चिरंजीवांनी मूर्ती उचलून कोपऱ्यात, वायफायच्या डबड्याशेजारी ठेवली होती आणि मूर्तीच्या जागी तो आडवा काळा डबा. आदल्या दिवशी तो जमिनीवर होता, सकाळी मी गेल्यावर त्यानं वर चढवला होता.

“उचल,” मी म्हणाले.

“मम्मी, मधला स्पीकर मध्येच लागतो. बोलणं त्याच्यातूनच येतं.”

“मग बाकीचे चार काय झोपा काढतात?”

“तसं नसतं गं, ऐकून तरी घे…”

“माझ्या बुद्धाला कोपऱ्यात सारून तिथं काळा डबा ठेवायची तुझी हिंमत झाली कशी? उचल म्हणते ना! चार आहेत तेवढे बस झाले.”

नवरा म्हणाले, “अगं, पण तो म्हणतोय ते…” मी म्हणाले, “तुम्ही गप बसा.” ते गप बसले. मुलानं दात-ओठ खात वायर उपटली, स्पीकर खोक्यात घातला आणि खोकं कपाटावर फेकल्यासारखं ठेवलं. मूर्ती जागेवर आली. मी फुलं वाहिली.

दुपारी भाऊ जेवायला आला. मीच बोलावलं होतं. पहिली कॅसेट त्याच्यासमोर लावायची, एवढी माणुसकी माझ्यातही आहे. वांग्याची भाजी केली होती, ठेचा केला होता. जेवण होईपर्यंत आम्ही भांडलो नाही. मग सगळे हॉलमध्ये बसलो, मी सोफ्याच्या मधोमध. मुलानं दुरुस्त करून आणलेल्या आमच्या जुन्या डेकमध्ये कॅसेट सरकवली. 

आधी डावीकडून ढोलकी आली. स्वच्छ, जशीच्या तशी. मग उजवीकडून पेटी. मी डोळे मिटले, आता दादा उचलणार. आणि काही आलं नाही.

ढोलकी वाजत होती, पेटी वाजत होती, कडव्याच्या शेवटी मागचे कोरसवाले दोन्ही बाजूंनी ‘जी जी रं जी’ म्हणत होते. पण ज्याच्या बोलण्याला ते जी म्हणत होते तो माणूसच नव्हता. कान लावला तर कुठंतरी खोल विहिरीत कुणी पुटपुटावं तसं काहीतरी होतं, शब्द कळत नव्हता. दुसरं गाणं लावलं. तेच. कॅसेट उलटी केली. तेच.

मी भावाकडं बघितलं.

“मदी कायतरी गडबड हाय,” तो म्हणाला आणि उठून रिसिव्हरकडं हात नेला. “थांब जरा, सेटिंग बघू दे.”

“हात लावू नको!” मी ओरडले. “तुझ्या डीजेची अक्कल इथं चालवू नको. काय झालंय ते मला ठाऊक आहे. त्या स्पीकरांच्या थाळ्याएवढ्या लोहचुंबकांना चिकटून ठेवलीस ना ट्रंक? इतकी वर्षं? सातवीचं पोरगं सांगेल, चुंबकानं टेप पुसला जातो म्हणून. तुला कळलं नाही? तू सांगतोस मला, वॉट किती?”

त्याचा हात तसाच हवेत राहिला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. चुंबकाची गोष्ट माझ्यापेक्षा त्यालाच जास्त कळत होती.

“अक्का, पन ढोलकी तर…”

“हो, तुझी ढोलकी बरी राहिली! तुझं सगळं बरं राहतं. दादांची पार्टी तू मोडलीस, दादांची गाणी तू बंद पाडलीस, आता आवाजही पुसलास. मेला तो आवाज. ऐकलंस? तू मारलास.”

स्पीकरांतून ढोलकी चालूच होती. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराची, त्याची स्वतःची. मुलानं मध्येच बंद केली. भावानं हात मागं घेतला. चपला घातल्या आणि गेला. पाणीसुद्धा प्याला नाही. नवरा त्याच्यामागं फाटकापर्यंत गेले, मी नाही गेले.

संध्याकाळच्या गाडीनं मुलगा पुण्याला गेला. मी रिसिव्हरचं बटण बंद केलं आणि वर टॉवेल टाकला. बातम्या टीव्हीच्याच फुटक्या आवाजात ऐकत होतो. नवऱ्यानं एकदा भीत भीत विचारलं, सिनेमा लावू का. मी बघितलं, त्यांनी पेपर उघडला. भावाला फोन केला नाही. त्याचाही आला नाही. राग उतरत नव्हता आणि खरं सांगते, मला तो उतरू द्यायचा नव्हता. राग गेला असता तर त्याच्या खाली काय आहे ते बघावं लागलं असतं.

दोन आठवड्यांनी मुलगा आला. आल्या आल्या टॉवेल ओढला, म्हणाला, घेतलंय तर वापरा तरी, आणि बापासाठी सिनेमा लावला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. पडद्यावर नायिका तावातावानं बोलत होती, तोंड हलत होतं आणि आवाज नव्हता. मागं रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या, पाखरं ऐकू येत होती. बाई मुकी. तिचा बापही मुका.

मुलगा ताडकन उठला. “सेंटर!” म्हणाला. “मम्मी, सेंटर! मी खोली मोजली तेव्हा तो जोडलेला होता. मशीनला वाटतंय तो अजून जोडलाय. दोन्ही बाजूंना सारखं असतं ते मधलं सगळं, म्हणजे माणसाचा आवाज, ते त्याच्याकडंच पाठवतंय आणि तो…” त्यानं वर कपाटाकडं बघितलं.

 माझ्या हातातलं उलथनं मी कुठं ठेवलं ते मला आजही आठवत नाही. मुलानं खोकं खाली काढलं, स्पीकर जमिनीवर ठेवला, वायर खुपसली. मग कॅसेट लावली.

दादांनी आधी खाकरून घसा साफ केला. तो खाकरा! मी सगळं विसरले असेन, पण तो खाकरा ऐकल्याबरोबर मला आमचं जुनं घर, चुलीपुढं बसलेली आई, सगळं दिसलं. मग त्यांनी गाणं उचललं. एवढा मोठा, भरलेला आवाज, जरासा घोगरा, शब्दाच्या शेवटाला किंचित वर जाणारा. हाच की! कसा विसरले होते मी? मी फरशीवर त्या काळ्या डब्यापुढं फतकल मारून बसले आणि मोठ्यानं रडले. नवराही रडले. पहिलं कडवं संपल्यावर दादा गाता गाता थांबले, ढोलकी एकटी वाजत राहिली आणि दादा म्हणाले, “वाजीव रे माझ्या वाघा.” स्टुडिओत, सगळ्यांपुढं, पोराला.

मी फोन घेतला. पाथरीला लावला. भावानं उचलला, “हं” एवढंच म्हणाला. मी फोन स्पीकरपुढं धरला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला लावलं. अख्खं गाणं ऐकवलं, वाघासकट. पलीकडं श्वास ऐकू येत होता.

“चूक माझी होती,” मी म्हणाले. हे वाक्य मी त्याला जन्मात पहिल्यांदा म्हणत होते. “मधला स्पीकर मीच काढायला लावला होता. कॅसेट चांगली आहे. सगळ्या चांगल्याच असणार. उद्या बाकीच्या पाच घेऊन ये. जेवायलाच ये.”

तो गप्प. मला वाटलं रुसलाय. मी म्हटलं, “अरे, पाया पडते तुझ्या, बोल ना.”

“अक्का,” तो म्हणाला, “त्या न्हाईत.”

“नाहीत म्हणजे?”

“त्या दिशी तुझ्याकडून आलो. ट्रंक समोर दिसायली, सहन व्हईना. तू म्हनलीस, मेला म्हनून. माझ्याच हातानं. भंगारवाला दारात आलता, दिऊन टाकली ट्रंक. आतल्यासकट.”

“कुठला भंगारवाला? मी आत्ता निघते. आत्ता.”

“मी दुसऱ्याच दिशी गेल्तो अक्का, मानवतला, त्याच्या दुकानात. राहवलं न्हाई. ट्रंक हाय तिथं. कॅसेटी न्हाईत. पोत्यात भरून प्लास्टिक सकाळीच गाडीत गेलं म्हनला.”

एरवी मी त्याला फाडून खाल्लं असतं. निदान एकदा लावून तरी बघायचं होतंस, गाढवा, माझ्या शब्दावर कशाला गेलास, असं सगळं तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याला बोलायचं ते सगळं मी त्या रविवारी बोलून बसले होते.